सहा पलटणी, सव्वीस लाख

३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी इंग्रजांशी तह केला. ईस्ट इंडिया कंपनीचे किमान ६,००० शिपाई, म्हणजे ६ पलटणी, तोफखान्यासह कायमच्या पेशव्यांच्या दिमतीला राहायच्या, आणि त्यांच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा, असे ठरले. भागाकार केला तर शिपायामागे वर्षाला सुमारे ४३३ रुपये पडतात. शिवाय दोन कलमे अशी, ज्यांना आकडाच नाही. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीय राष्ट्राचा माणूस पेशव्यांनी नोकरीत ठेवायचा नाही, आणि कंपनीला विचारल्याशिवाय कोणत्याही राज्याशी बोलणी करायची नाहीत. फौजेची किंमत २६ लाख असे शाळेच्या पुस्तकात वाचतो. खरी किंमत या दोन कलमांत आहे.

हा तह आमच्या भागाला परका नाही. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांचा पराभव केला. बाजीराव सिंहगड, रायगड, महाड असे करत हर्णैच्या सुवर्णदुर्गापर्यंत आले आणि तिथून इंग्रजांच्या जहाजाने वसईला गेले. सुवर्णदुर्ग रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, आमचे सावर्डे त्याच जिल्ह्याच्या मध्याला. सावर्ड्याशेजारच्या डेरवणच्या शिवसृष्टीत राज्य कसे उभे राहिले ते मुले शिल्पांत पाहतात. ते राज्य संरक्षणाच्या प्रश्नावर कसे दुभंगले, याचे पुरावे इथून काही तासांच्या वाटेवर समुद्रात उभे आहेत. त्यांच्याकडे आज पुन्हा पाहायला हवे, कारण हाच प्रश्न युरोपातली २७ राष्ट्रे सोडवू पाहत आहेत: फौज आपापली ठेवायची की एकत्र करायची, आणि एकत्र केली तर हुकूम कोणाचा.

आरमारापासून सुरुवात करू. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांशी जो समेट केला, त्यात कान्होजींकडे १० मोठे किल्ले, १६ लहान कोट आणि सरखेलपद, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, राहिले. बदल्यात त्यांनी शाहू छत्रपतींची सत्ता मान्य केली. किनाऱ्याचा कारभार आंग्र्यांचा, निष्ठा साताऱ्याला. याची परीक्षा १७२१ च्या अखेरीस झाली. इंग्रज आणि पोर्तुगीज सुमारे ६,००० माणसे घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. इंग्रज राजाच्या आरमाराची जहाजे कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली होती. शाहू छत्रपतींनी धाडलेली फौज कान्होजींच्या मदतीला पोचली, खुद्द पहिले बाजीराव आले, आणि चढाई फसली. पोर्तुगीजांनी इंग्रजांना मागे ठेवून मराठ्यांशी वेगळा तह केला. तेव्हा फूट पडली ती युरोपीय मित्रांत.

३४ वर्षांनी चित्र उलटे झाले. कान्होजी १७२९ मध्ये गेले. पुढच्या पिढीत भावांचे पटले नाही, आणि १७३५ मध्ये आंग्र्यांचे घर कुलाबा आणि विजयदुर्ग असे दोन जागी वाटले गेले. विजयदुर्गाची गादी पुढे तुळाजी आंग्र्यांकडे आली. दर्यावर्दी म्हणून ते मोठे होते. वाशिष्ठीच्या मुखावरचे अंजनवेल आणि चिपळूणजवळचा गोवळकोट त्यांनी १७४५ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीकडून घेतले. आमच्या तालुक्याला सिद्दीच्या जाचातून सोडवणारा हा माणूस. पण पेशव्यांचे वर्चस्व त्यांना मान्य नव्हते. आपण छत्रपतींचे सरखेल, पेशव्यांचे चाकर नव्हे, ही त्यांची भूमिका. नानासाहेब पेशव्यांना किनाऱ्यावर एकच सत्ता हवी होती. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. तरी तुळाजींनी पुण्याशी जमवून घ्यायचे टाळले, हा त्यांचा हट्ट दोघांनाही भोवला असे मला वाटते.

नानासाहेबांनी जे केले त्याची जात मात्र वेगळी. १९ मार्च १७५५ रोजी त्यांनी तुळाजींविरुद्ध मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. त्यानुसार आरमाराची हुकमत इंग्रजांकडे गेली आणि मोबदल्यात बाणकोटचा किल्ला व ५ गावे त्यांना कायमची मिळणार होती. अवघ्या ३ दिवसांनी, २२ मार्चला, कमोडोर जेम्स मुंबईहून निघाला. त्याच्याकडे ४४ तोफांचे 'प्रोटेक्टर', १६ तोफांचे 'स्वॅलो' आणि बाँब फेकणारी दोन जहाजे होती. एकूण ४. एप्रिल अर्ध्यावर येण्याआधीच सुवर्णदुर्ग पडला. १७२१ मध्ये दोन युरोपीय सत्तांच्या ६,००० माणसांना जे जमले नाही, ते चार जहाजांनी करून दाखवले. इंग्रजांच्या तोफा या काळात सुधारल्या हे खरे, पण मोठा फरक जमिनीवर होता. १७२१ मध्ये डोंगराकडून येणारी मराठी फौज आंग्र्यांची पाठराखण करत होती. १७५५ मध्ये तीच फौज आंग्र्यांवर चालून आली होती.

फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर गेले. एका गलबतावर पडलेल्या बाँबची आग पसरत गेली आणि बंदरात एकत्र उभे असलेले आंग्र्यांचे आरमार जळाले. किल्ल्यात सुमारे १० लाख रुपयांची लूट मिळाली आणि इंग्रजांनी ती आपसात वाटून घेतली. ज्यांच्यासाठी मोहीम होती, त्या पेशव्यांना वाटा नाही. किल्लाही नाही. तो परत मिळवायला १२ ऑक्टोबर १७५६ चा दुसरा तह करावा लागला, आणि त्यात बाणकोटसह १० गावे इंग्रजांकडे गेली. दीड वर्षात ५ ची १० गावे झाली. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले ते मरेपर्यंत.

मराठ्यांचे आरमार त्या आगीत संपले असे सर्रास म्हणतात, ते बरोबर नाही. पेशव्यांचे आरमार पुढे विजयदुर्गावरूनच चालले, आणि एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पकडून आणले. जहाजे पुन्हा बांधता आली. घरातले भांडण मिटवायला बाहेरची फौज बोलावता येते, हा पायंडा मात्र पडला तो पडलाच.

पुढच्या वेळेस, पेशवेपदाच्या भांडणात, त्याच वाटेने राघोबादादा गेले. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांना २,५०० सैनिक मिळणार होते, महिना दीड लाख रुपयांना. वर्षाचा हिशेब १८ लाख, शिपायामागे ७२० रुपये. म्हणजे वसईपेक्षा महाग. पण ते भाडे महिन्याच्या रोखीचे होते, पैसा थांबला की फौज निघून जायची. वसईच्या तहात दर उतरला, कारण रोखीऐवजी मुलूख दिला. ज्याच्याकडे मुलखाची वसुली, त्याला फौज परत न्यायचे कारणच उरत नाही. स्वस्त सौदा होता तो नेमका कायमच्या बंधनाचा सौदा ठरला. जानेवारी १७७९ मध्ये, पुण्याकडे येणाऱ्या इंग्रज फौजेला वडगावला नमते घ्यावे लागले, कारण तेव्हा नाना फडणवीस, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर एकत्र होते. त्या एकीला कायमचा खजिना नव्हता, कायमचा सेनापतीही नव्हता. माणसे होती तोवर ती टिकली.

यामागची यंत्रणा सरंजामाची होती. सरदाराला मुलूख तोडून द्यायचा, त्याच्या उत्पन्नावर त्याने फौज ठेवायची. पगार देणारा सरदार, म्हणून शिपाई सरदाराचा. पुण्याच्या खजिन्यातून मोठी सामाईक फौज कधी उभी राहिली नाही. त्याचा परिणाम १८०३ च्या तारखांत स्पष्ट दिसतो. २३ सप्टेंबरला असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले लढले. होळकर आले नाहीत. १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावला वेगळा तह केला. ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला वेगळा तह केला. होळकरांचे युद्ध एप्रिल १८०४ मध्ये सुरू झाले. गायकवाड १८०२ मध्येच इंग्रजांच्या छत्राखाली गेले होते. शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफखाना हिंदुस्थानात कोणाच्याही तोडीचा होता, तरी शत्रूला सगळ्यांशी एकाच वेळी कधी लढावे लागले नाही.

शेवटचा आकडा १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहातला. ५,००० घोडेस्वार आणि ३,००० पायदळ ठेवण्यासाठी आणखी ३४ लाखांचा मुलूख, आणि मराठा मंडळाच्या प्रमुखपणावर पाणी. वर्षभरात, जून १८१८ मध्ये, बाजीराव शरण आले. त्यांना वर्षाला ८ लाखांचे पेन्शन मिळाले.

आता युरोप. २७ राष्ट्रांच्या युरोपीय संघाने २०२४ मध्ये संरक्षणावर एकूण ३४३ अब्ज युरो खर्च केले. या बेरजेत सामाईक खजिना किती? युरोपीय संरक्षण निधी ठरला तेव्हा तो २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी सुमारे ८ अब्ज होता, म्हणजे वर्षाला सव्वा अब्जाच्याही आत. राष्ट्रे आपापल्या तिजोरीतून ३०० युरो खर्च करतात, तेव्हा या निधीत १ युरो पडतो. शस्त्रखरेदीतला निदान ३५ टक्के वाटा एकत्र खरेदीचा असावा असे त्यांनी २००७ मध्ये ठरवले. २०२२ मध्ये तो १८ टक्के होता. मारिओ द्राघी यांच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार अमेरिका एका प्रकारचा मुख्य रणगाडा वापरते, युरोप १२ प्रकारचे. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: २०२२ च्या मध्यापासून वर्षभरातल्या खरेदीपैकी ७८ टक्के पैसा संघाबाहेर गेला, ६३ टक्के एकट्या अमेरिकेकडे. १,५०० सैनिकांचे लढाऊ गट २००७ पासून सज्ज ठेवले आहेत, पण ते आजवर एकदाही रणात उतरलेले नाहीत, कारण उतरवायला सगळ्यांचा होकार लागतो.

एक फौज करायचा प्रयत्न त्यांनी केलाच नव्हता असे नाही. १९५२ मध्ये सहा देशांनी एकत्र सैन्याच्या करारावर सह्या केल्या, आणि ३० ऑगस्ट १९५४ ला फ्रान्सच्या संसदेने तो ३१९ विरुद्ध २६४ मतांनी बाजूला सारला. सैन्य गेले तर देश गेला, ही भीती तेव्हा होती, आजही आहे. मला ती हास्यास्पद वाटत नाही. मतदार आपापल्या देशात मत देतो, आणि मुलाला रणावर पाठवण्याचा निर्णय त्याने निवडलेल्या माणसानेच घ्यावा अशी त्याची अपेक्षा असते. १९४७ मध्ये आपल्या संस्थानिकांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय सोडले. पुढे कोल्हापूरची फौज मराठा लाइट इन्फन्ट्रीची १९ वी बटालियन झाली, बडोद्याची २० वी. ते जमले, कारण केंद्राला स्वतःचा कर होता आणि संस्थानी प्रजेला केंद्रात मत मिळणार होते. युरोपात यातले पहिले जवळजवळ नाही, दुसरे अर्धवट आहे. मे २०२५ मध्ये शस्त्रखरेदीसाठी मंजूर झालेले १५० अब्ज युरोंचे सामाईक कर्ज हे पहिल्या उणिवेवरचे आजवरचे सर्वांत मोठे पाऊल. त्यात शस्त्राच्या सुट्या भागांच्या किमतीपैकी ३५ टक्क्यांहून जास्त हिस्सा बाहेरचा नको, अशी अट आहे. मला ती अट रकमेइतकीच महत्त्वाची वाटते.

परकी फौज दारात उभी राहिली म्हणजे स्वातंत्र्य गेलेच, असेही नाही, आणि वसईशी थेट ताडून पाहावे असे उदाहरण लिथुआनियात घडते आहे. २२ मे २०२५ रोजी विल्नियसला जर्मनीच्या ४५ व्या चिलखती ब्रिगेडची रीतसर स्थापना झाली. २०२७ पर्यंत तिथे सैनिक आणि नागरी कर्मचारी मिळून सुमारे ५,००० जर्मन कायमचे राहतील. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीने परदेशात अशी कायमची ब्रिगेड प्रथमच ठेवली. पुण्यातल्या ६,००० च्या जवळपासचाच हा आकडा, आणि तोही तीस लाखांहून कमी वस्तीच्या देशात. बराकी आणि सरावाची मैदाने लिथुआनिया स्वतःच्या पैशाने बांधतो. सैनिकांचा पगार बर्लिन देते. एक तालुकाही जर्मनीकडे गेलेला नाही. लिथुआनियाची स्वतःची फौज आहे आणि ती वाढते आहे, ब्रुसेल्सच्या बैठकीत त्याचे मत जर्मनीच्या मताबरोबर मोजले जाते, आणि कोणत्या राष्ट्राशी काय बोलायचे हे विल्नियसचे सरकार बर्लिनला न विचारता ठरवते.