काडेपेट्यांना शिकवा खेळायला!

मुलांनो, 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे भारदस्त नाव तुम्ही ऐकलं असेलच. यालाच सगळे 'एआय' म्हणतात. २०२६-२७ या शालेय वर्षापासून तिसरीपासूनच हा विषय शिकवायचा, असं केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केलं. ते ऐकून काही आई-बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. 'अजून पाढे धड पाठ नाहीत, त्यात हे कशाला? आणि घरात कॉम्प्युटर कुठाय?' त्यांना सांगा, काळजी नको! पहिल्या धड्याला लागतात फक्त रिकाम्या काडेपेट्या, मणी आणि चिंचोके.

खोटं वाटतं? मग ऐका. डोनाल्ड मिकी नावाचे एक ब्रिटिश शास्त्रज्ञ होते. यंत्राला अनुभवातून शिकता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. पण हाताशी कॉम्प्युटर नव्हता. म्हणून १९६१ साली त्यांनी चक्क ३०४ काडेपेट्या घेतल्या! प्रत्येक पेटी म्हणजे फुल्ली-गोळ्याच्या डावातली एकेक स्थिती. आत रंगीत मणी. एक रंग म्हणजे एक घर. पेटी हलवायची आणि जो मणी पुढे येईल, त्या घरात चाल करायची. पेट्या जिंकल्या की त्या रंगाचे जादा मणी बक्षीस, हरल्या की वापरलेले मणी जप्त! सुरुवातीला पेट्या वाट्टेल तशा खेळायच्या. पण डावामागून डाव झाले, चुकीच्या चालींचे मणी घटले आणि खेळ सुधारत गेला.

आपण दहाच पेट्यांवर भागवू. त्यांवर १ ते १० आकडे लिहा. प्रत्येकीत एक लाल, एक निळा मणी टाका. १ नंबरच्या पेटीत मात्र फक्त लाल. लाल म्हणजे 'एक उचल', निळा म्हणजे 'दोन उचल'.

आता दहा चिंचोके मांडा. आळीपाळीने एक किंवा दोन उचलायचे. शेवटचा चिंचोका उचलेल तो जिंकला! पहिली चाल पेट्यांची. जितके चिंचोके समोर असतील, त्या आकड्याची पेटी घ्या. न बघता मणी काढा, तो सांगेल तसं करा आणि मणी पेटीसमोर ठेवा.

पेट्या जिंकल्या तर सगळे मणी परत आत. हरल्या तर त्यांच्या शेवटच्या चालीचा मणी कायमचा बाहेर, बाकीचे आत. एखादी पेटी रिकामी निघाली, तर पेट्यांनी हार मानली असं समजा आणि आधीच्या चालीचा मणी बाद करा.

तुम्ही कितीही हुशार असा, या पेट्यांना दहापेक्षा जास्त वेळा हरवू शकणार नाही! कारण तोवर चुकीचे सगळे मणी गेलेले असतात. मग चुकायला मणीच उरत नाही.

आता सांगा पाहू, काडेपेटी हुशार झाली का? छे! तिला चिंचोका म्हणजे काय, हेही ठाऊक नाही. तिला शिकवलं ते तुम्ही. समजा, तुम्ही चुकून २ नंबरच्या पेटीतला निळा मणी काढून टाकलात. मग समोर दोनच चिंचोके असले, तरी ती हातातला डाव घालवणार. आणि आपलं काही चुकतंय, हे तिला कळणारही नाही!

आजची एआय यंत्रं यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहेत. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरातून ती शिकतात. पण गोम तीच, बरं का! शिकवण्यात खोट असली, की उत्तरात खोट येते. ते उत्तर मात्र अगदी ठामपणे समोर येतं.

म्हणून आई-बाबा, मुलांनी एआयला विचारून उत्तर आणलं तर लगेच रागवू नका आणि हुरळूनही जाऊ नका. 'हे खरं कशावरून?' एवढंच विचारा. आणि मुलांनो, तुम्हीही पुस्तक उघडा, बाईंना विचारा, पडताळून पाहा.

चला तर, लागा काडेपेट्या जमवायला! काड्या मात्र आधी आईच्या हवाली करा हं!