हस्तरला नक्की हवंय तरी काय?

सात रस्त्यावर चहा घेताना 'तुंबाड'चा विषय निघाला की एक वाद ठरलेला. हस्तर लालची आहे, म्हणून राक्षस आहे, विषय संपला, असं एक गट म्हणतो. विषय संपत नाही. (पिक्चर अजून पाहिला नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फोडलंय.)

राही अनिल बर्वेचा हा सिनेमा २०१८ मध्ये आला, तेव्हा अनेकांचा राहून गेला. २०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा पोरांनी थिएटर गाठलं. त्यातली गोष्ट आठवा. समृद्धीच्या देवीचं पहिलं लाडकं लेकरू हस्तर. त्याने आईचं सगळं सोनं बळकावलं. मग धान्याकडे हात वळवला, तेव्हा बाकीचे देव तुटून पडले. आईने जीव वाचवला, पण गर्भात कोंडून. म्हणजे हिशेब असा: सोनं मिळालं, धान्य नाही. तेव्हापासून तो उपाशी.

आता टोल्किनचा स्मॉग बघा. 'द हॉबिट'मधला हा ड्रॅगन सोन्याच्या ढिगावर लोळतो आणि एक पेला चोरीला गेला तरी पेटून उठतो. सोन्याचा त्याला उपयोग शून्य, तरी एकही वस्तू सुटत नाही. याला म्हणतात लोभ. हस्तरचं उलटं आहे. विनायक लंगोटातून मोहरा ओढतो आणि हा गडी कणकेच्या बाहुलीवर तुटून पडलेला असतो. सोनं गेल्याचं त्याला सोयरसुतकही नाही!

सुरुवातीला तो लोभी होता, हे मान्यच. सगळंच हवं होतं त्याला. पण इतक्या काळाच्या कोंडणुकीनंतर उरली ती भूक, असं मला वाटतं. लोभी तर वरचा विनायक आहे. घर, पैसा, ऐश सगळं असताना पुन्हा पुन्हा दोर सोडून खाली उतरणारा.

आपल्याकडे हा मुद्दा समजवावा लागू नये. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट लहानपणी ऐकलीच असेल. दुष्काळात त्यांनी बादशहाचं धान्याचं कोठार लोकांना खुलं केलं. सोन्याचा खजिना वाटला असता तर ती गोष्ट इतकी टिकली असती का? दुष्काळात मोहर चावून पोट भरत नाही, हे ज्वारीच्या मुलखाला कुणी सांगायचं!

आता उरतो अवघड प्रश्न. हस्तर भुकेलाच असेल, तर ज्याला शिवेल त्याचं वाटोळं का होतं? विनायकाची आजी आठवते ना, मरणही न येणारी? सूड म्हणावा, तर तो माणसांच्या मागे गर्भाबाहेर येत नाही. खायला टाकलं की येतो. आणि शेवटी बापलेक एकाऐवजी ढीगभर बाहुल्या घेऊन उतरतात, तेव्हा तेवढेच हस्तर समोर उभे राहतात. जास्त बाहुल्या न्यायची आयडिया मात्र हस्तरची नव्हती. ती पोराची होती, बापाकडे बघून शिकलेल्या.