लुगडे

पुण्याकडची मुलगी लग्न होऊन बडोद्यास आली, म्हणजे पहिल्या आठवड्यातच तिची या शब्दाशी गाठ पडत असे. धोबी दारात उभा राहून 'लूगडां आपो' म्हणे, आणि हा आपली लुगडीच तेवढी का मागतो, असा तिला प्रश्न पडे. त्याला धुवायचे सगळेच कपडे हवे असत. घरधन्याचा सदरासुद्धा त्याच्या लेखी लूगडांतच जमा.

गुजरातीत 'लूगडुं' म्हणजे कोणतेही वस्त्र. तिकडे गोव्याच्या कोंकणीत 'लुगट' म्हणजे कापड. मधल्या मराठीने मात्र हा शब्द स्त्रियांच्या आठ-नऊ वारी वस्त्रापुरताच राखून ठेवला. लिंग दोन्हीकडे नपुंसकच. पण अनेकवचनी गुजराती 'लूगडां' म्हणतो, आपण 'लुगडी'.

परंतु खरी गंमत नामात नाही, त्याच्यासोबत येणाऱ्या क्रियापदात आहे. गुजराती माणूस सदरा, टोपी, साडी सगळे 'पहेरतो'. मराठीत सदरा घालावा, पागोटे बांधावे, शाल पांघरावी, अलंकार ल्यावेत, आणि कमरेभोवती गुंडाळावयाचे ते नेसावे. म्हणून धोतर, सोवळे आणि लुगडे ही तिन्ही नेसण्याची.

या 'नेसणे'चा एक स्वभाव विलक्षण आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी कर्त्याला सामान्यतः 'ने' लागतो व क्रियापद कर्माप्रमाणे चालते: 'तिने चोळी घातली', 'तिने सदरा घातला'. 'नेसणे' हे जुमानीत नाही. 'ती लुगडे नेसली', 'तो धोतर नेसला' असेच म्हणावयाचे. 'शिकणे', 'विसरणे', 'लेणे' ही याच पंगतीतली. मात्र प्रयोजक रूप केले, की नियम परत येतो: 'आईने मुलीला लुगडे नेसवले'.

आता घरातील मुलीची परीक्षा घ्यावयाची असेल, तर लुगड्याचे वाक्य देऊन भागणार नाही. 'मी लुगडे नेसले' यात क्रियापद बोलणारीप्रमाणे चालले की लुगड्याप्रमाणे, हे कळत नाही, दोन्हीकडे 'नेसले'च. साडी द्यावी. 'मी साडी नेसले' म्हणाली, तर तिचे मराठी शाबूत आहे. 'मी साडी नेसली' म्हणाली, तर समजावे की कर्माने कर्त्याची जागा घेतली. दांडिया बाजारातल्या मराठी घरांतून हे रूप कानी आले, तर सगळा दोष शेजारच्या 'एणे साडी पहेरी'वर लोटण्यात अर्थ नाही. पुण्यामुंबईतही 'तिने साडी नेसली' सर्रास ऐकू येते, आणि तेथे गुजरातीचा शेजार घरोघर नाही. 'घालणे' या एका क्रियापदावर सगळे वस्त्रभांडार सोपवण्याची सवय आपली आपणच लावून घेतली आहे. या सवयीत 'नेसणे' गेले, तर त्याच्याबरोबर ही जुनी वाक्यरचनाही बोलण्यातून जाईल, याचे मला अधिक वाईट वाटते.

एका ठिकाणी मात्र मी हट्ट धरणार नाही. हल्ली लग्नसमारंभासाठी शिवलेली नऊवारी तयार मिळते. निऱ्या शिवलेल्या, काष्टा शिवलेला. पाय आत घालून ती वर ओढली, की काम झाले. तिला कोणी 'घातली' म्हटले, तर व्याकरणाने रागावण्याचे कारण नाही. ती खरोखर घातलीच आहे.