बाटलीवर वेळ लिहा

पहाटे ५

वसतिगृहाच्या बाहेर अजून अंधार आहे. पिशवीत ३०० मिलिलिटरच्या सहा काचेच्या बाटल्या, दोन कुप्यांत रसायनं, पिपेट, तापमापक आणि वही. एका बाटलीचं बूच दुसरीला नीट बसत नाही, म्हणून जोड्या मी रात्रीच लावून ठेवते.

मी निपाणीची. म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. इथे आले तेव्हा कामापुरतं कन्नड येत होतं. उरलेलं तळ्याच्या काठावर शिकले.

सकाळी ६

कुक्करहळ्ळी केरे. केरे म्हणजे तळं. मुम्मडी कृष्णराज वडियार यांच्या काळात, १८६४ मध्ये ते बांधलं गेलं. विद्यापीठ आलं १९१६ मध्ये आणि मानसगंगोत्री १९६० मध्ये. म्हणजे विद्यापीठ तळ्याच्या शेजाराला आलं. मानसगंगोत्री हे नाव देणारे कुलगुरू, कवी कुवेंपू, याच काठाने फिरत असत.

उजाडायच्या आत पहिली बाटली भरायची, कारण तळ्याचाही दिनक्रम असतो. दिवसा शेवाळ उन्हात अन्न तयार करतं आणि पाण्यात ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ, मासे आणि गाळातले जीवाणू मिळून तो वापरत राहतात. सांडपाण्यातून आलेलं नत्र आणि स्फुरद जितकं जास्त, तितकं शेवाळ दाट. आणि शेवाळ जितकं दाट, तितका दिवस-रात्रीतला चढउतार मोठा. सूर्योदयाच्या जरा आधी ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो.

बाटली पाण्याखालीच भरायची आणि पाण्याखालीच बूच लावायचं, कारण आत अडकलेला एक बुडबुडासुद्धा निकाल बिघडवतो. मग मँगनीज सल्फेट दोन मिलिलिटर आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड दोन मिलिलिटर, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. बूच लावून बाटली उलटसुलट केली की साका धरतो. पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन नाही. तपकिरी झाला तर आहे. आज फिकट तपकिरी. बाटलीवर पेन्सिलीने तारीख, जागा आणि वेळ लिहिते.

वेळ लिहायची सवय उशिरा लागली. पहिल्या सत्रात मी महिनाभर रोज अकराच्या सुमाराला पाणी घेतलं आणि अहवालात लिहिलं, तळ्याची प्रकृती उत्तम. सरांनी अहवाल शांतपणे वाचला आणि एवढंच विचारलं, "पाणी किती वाजता घेतलंस?" त्याच आठवड्यात काठावर रोज बसणारे एक म्हातारे गृहस्थ माझ्या बाटल्या बघत म्हणाले, "बेळिग्गे बाम्मा." सकाळी ये, बाई. मासे वर येऊन तोंड उघडतात ते पहाटे, हे त्यांनी हातवारे करून दाखवलं. सरांनी प्रश्न विचारला होता, उत्तर या गृहस्थांनी दिलं. मी त्यांना आमच्याकडच्यासारखं 'अज्जा' म्हटलं. इथे 'ताता' म्हणतात, हे त्यांनीच शिकवलं.

उजाडतं. बेटावरच्या झाडांवर पेलिकन पंख ताणू लागतात, पलीकडे चित्रबलाक आणि पाणकावळे. या सगळ्यांचं पोट माशांवर, आणि मासे अवलंबून या बाटलीतल्या पाण्यावर.

सकाळी ९

उप्पिट्टू खाऊन प्रयोगशाळेत. साक्यात गंधकाम्ल घातलं की तो विरघळतो आणि पाणी पिवळं होतं. त्यातलं २०० मिलिलिटर घेऊन ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचं. रंग फिका झाला की स्टार्च. पाणी गर्द निळं होतं आणि एका थेंबाला निळा रंग नाहीसा होतो. ०.०२५ नॉर्मल द्रावण असेल तर खर्च झालेला प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये ही पद्धत मांडली. आज पाण्यात बुडवून आकडा दाखवणारी यंत्रं आहेत, पण त्यांचा खरेपणा अजून याच पद्धतीवर ताडून पाहतात.

सकाळी ११

कायद्याचा तास. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा, पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा. दुसऱ्यामागे भोपाळची १९८४ ची रात्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पाण्याचे वर्ग फळ्यावर येतात: मासे आणि वन्यजीवांसाठी लिटरमागे किमान चार मिलिग्रॅम ऑक्सिजन, आंघोळीसाठी किमान पाच. मी वहीत त्या आकड्यांशेजारी लिहिते, 'किती वाजता?' दुपारी उत्तीर्ण होणारं पाणी पहाटे नापास होऊ शकतं, आणि माशाला तर चोवीस तास जगायचं असतं.

दुपारी १

जेवणात रागीमुद्दे, म्हणजे नाचणीचा गोळा, आणि सारू. मुद्दे चावायची नसते, गिळायची असते. भाकरीवर वाढलेल्या मला हे जमायला एक सत्र लागलं.

दुपारी २

ग्रंथालयात माधव गाडगीळ यांचं बांबूवरचं काम वाचते. पुण्याच्या या शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास केला. वाढ चांगली व्हावी म्हणून बेटांच्या बुंध्याशी असलेलं काटेरी आवरण साफ केलं जाई. गावकऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं: काटे गेले की कोवळे कोंब गुरं आणि रानातली जनावरं खातात. गाडगीळांनी प्रत्यक्ष पाहिलं, तर गावकरीच खरे निघाले. मला काठावरचे ताता आठवतात. जो एखाद्या जागेपाशी सगळ्या प्रहरांना असतो, त्याला विचारल्याशिवाय त्या जागेबद्दल लिहू नये.

दुपारी ४

पुन्हा तळं, पुन्हा तीच जागा. ऊन दिवसभर पाण्यावर पडलेलं, पाणी हिरवं. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंच. इथे २५ अंश सेल्सिअसला पाणी हवेतून लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन धरू शकतं. शेवाळ दाट असलं की भर दुपारी आकडा त्याच्याही वर जातो. हौशी माणसाला तो पाहून आनंद होतो. मला आता तो तापाच्या पाऱ्यासारखा दिसतो. दुपारी एवढं चढणारं पाणी रात्री तितकंच खाली येणार.

बाटलीत साका धरतो, सकाळच्यापेक्षा कितीतरी गडद.

संध्याकाळी ६

दुपारच्या बाटल्यांना थायोसल्फेट जास्त लागलं. दोन्ही आकडे आलेखाच्या कागदावर मांडते. दोन ठिपक्यांनी तळं समजत नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही चौघी परवानगी काढून दर तीन तासांनी, रात्रभर पाणी घेणार आहोत.

रात्री ९

घरी फोन. आजी विचारते, "तुझ्या त्या तळ्याचं पाणी चांगलं आहे का गं?"

"कोणत्या वेळचं विचारतेस, आजी?"

"पहाटेचंच की. पाणी पहाटेचं भरावं, गाळ खाली बसलेला असतो."

तिने आयुष्यभर असंच पाणी भरलं आणि तिचं निरीक्षण चुकीचं नाही. पहाटे पाणी निवळलेलं असतं. मग मी तिला त्याच निवळलेल्या पाण्यात वर येऊन तोंड उघडणाऱ्या माशांचं सांगते. ती थोडा वेळ गप्प राहते.

"मग दोन्ही वेळा बघत जा," ती म्हणते.

फोन ठेवून मी सहा बाटल्या धुऊन उपड्या घालते, बुचांच्या जोड्या लावते आणि पाचचा गजर लावते.