जुना ट्रक, मोबाईल आणि गिअर बॉक्सचे दुखणे

पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल उतरवून झाला की खेड्यापाड्यांतले पुष्कळ गाडीमालक क्लच प्लेट, बेअरिंग, रबरी सील घ्यायला तिकडे चक्कर टाकतात. अलीकडे असे भाग विकणाऱ्या दुकानांत काडेपेटीएवढी एक डबी मिळू लागली आहे. गाडीच्या सॉकेटमध्ये ती खोचली आणि मोबाईलशी जोडली, की गाडीचा आजार पडद्यावर दिसतो असे सांगतात. किंमत पाचशे ते हजार रुपयांच्या आसपास. तेव्हा गिअर कुरकुरणाऱ्या आपल्या जुन्या ट्रकला ती घ्यावी काय, हा प्रश्न अनेक घरांत निघतो.

याचे उत्तर गाडीच्या वयावर अवलंबून आहे. टाटांची ४०७ ही गाडी १९८६ साली पुण्याच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि भाजीपाला, दूध, जनावरे वाहण्यासाठी गावोगाव पोचली. त्या काळच्या ४०७ मध्ये, किंवा तिच्याहून थोरल्या १२१० मध्ये, संगणक मुळी नाहीच. डिझेलचा पंप यांत्रिक, गिअर बॉक्स हाताचा. डबी खोचायला जागाच नाही, आणि कोणी तारा जोडून दिल्याच तरी पलीकडे बोलणारे कोणी नाही. अशा गाडीसाठी डबी घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

२०१० च्या एप्रिलमध्ये देशातील तेरा शहरांत धुराचे भारत स्टेज चार हे नियम लागू झाले. त्यांत पुणे होते आणि आपले सोलापूरही होते. १ एप्रिल २०१७ पासून ते सर्व देशाला लागू झाले. या नियमांबरोबर गाड्यांत संगणक आणि तपासणीचे सोळा पिनांचे सॉकेट आले. ते बहुधा स्टिअरिंगच्या खाली, पायांपाशी असते. तुमच्या पिकअपमध्ये ते असेल तर डबीचा उपयोग आहे. मोठ्या ट्रकवाल्यांनी मात्र सावध राहावे. त्यांची वीज बहुधा चोवीस व्होल्टची असते आणि स्वस्त डबी बारा व्होल्टची. विचारल्याशिवाय खोचली तर डबी जळण्याचा संभव आहे. शिवाय मोठ्या ट्रकच्या संगणकाची भाषाही निराळी असते.

आता खरी मेख. सॉकेट असले तरी हाताच्या गिअर बॉक्समध्ये झिजलेला दात किंवा खराब बेअरिंग संगणकाला दिसत नाही. त्याला दिसतो तो तारेने जोडलेला सेन्सर. पी ०७०० हा कोड गिअर बॉक्सच्या बिघाडाचा खरा, पण ज्या गाड्यांत गिअर आपोआप पडतात त्यांच्यासाठी. आपल्याकडे जास्त उपयोगी पडतो तो पी ०५००. वेग मोजणारा सेन्सर बिघडला, किंवा गोठ्याशेजारी उभ्या केलेल्या गाडीच्या तारा उंदरांनी कुरतडल्या, की हा कोड येतो. स्पीडोमीटरचा काटा पडतो आणि मालकाला वाटते गिअर बॉक्स गेला. अशा वेळी एक तार जोडून काम भागते. कोड नुसता पुसून टाकणे हा मात्र उपाय नव्हे. बिघाड असेल तर तो पुन्हा येतो.

डबीचा याहून मोठा उपयोग क्लच घसरतो की काय हे पाहण्यासाठी आहे. घरातील शाळकरी मुलगासुद्धा शेजारी बसून हे टिपून घेईल. चालवणाऱ्याने मोबाईलकडे पाहू नये. समजा, सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटर वेगाला इंजिनचे फेरे मिनिटाला १६०० दिसतात. मग त्याच गिअरमध्ये ५० च्या वेगाला ते २००० असायला हवेत. हे प्रमाण बदलत नाही, कारण गिअरचे दात मोजलेले असतात. आता भरलेली गाडी दिवे घाटाच्या चढाला लागली आणि त्याच गिअरमध्ये ४० च्या वेगाला फेरे १९०० दिसले, तर मधले तीनशे फेरे क्लच प्लेट घासण्यात चालले आहेत. गिअर बॉक्स उघडण्याची गरज नाही, क्लच पाहावा. वेग मोबाईलच्या उपग्रह मापकावरून घ्यावा.

सॉकेट नसलेल्या जुन्या गाडीलाही मोबाईल अगदीच निरुपयोगी नाही. आवाजाची कंपने दाखवणारी फुकट साधने मोबाईलवर मिळतात. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० स्फोट होतात, सहा सिलिंडरचे असेल तर ७५. तेवढ्या कंपनांचा उंचवटा पडद्यावर दिसतो, आणि त्यावरून फेरे काढता येतात. त्याच्या दुपटीचे उंचवटेही दिसतात, त्यामुळे थोडा सराव लागतो. याहून सोपे म्हणजे गाडी ठीक असताना प्रत्येक गिअरचा आवाज रेकॉर्ड करून ठेवावा. पुढे शंका आली की दोन्ही आवाज मिस्त्रींना ऐकवावेत. तोंडी वर्णनापेक्षा ते फार बरे.

गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू असताना घरघर येते आणि क्लचचे पेडल दाबल्यावर थांबते, तर संशय गिअर बॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लचचे रिलीज बेअरिंग. चालत्या गाडीचा आवाज गिअर बदलला तरी तसाच राहतो आणि केवळ वेगाबरोबर वाढतो, तर मागे प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, डिफरन्शियल, चाकांची बेअरिंगे तपासावीत. चौथ्यातच आवाज आणि बाकी गिअर शांत, तर त्या गिअरची जोडी. एवढे सांगता आले तर मिस्त्रींचा निम्मा दिवस वाचतो आणि आपली मजुरीही.

आणि तेल! आवाजाची शंका आली तर इतका खटाटोप करण्याआधी गिअर बॉक्सचे तेल स्वच्छ पातेल्यात काढून पाहावे. घरातले पातेले नको, ते पुन्हा वापरता यायचे नाही. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. ओढ्यातून गाडी काढणाऱ्यांकडे हे आढळते. पितळी चमक दिसली तर गिअर जुळवणाऱ्या पितळी रिंगा झिजल्या आहेत, आणि मग गिअर टाकताना खरखर होते. चुंबकाला राखाडी लोणचटासारखा थर चिकटला तर ती नेहमीची झीज. पण लोखंडाचे कण किंवा दाताचा तुकडा निघाला, तर गाडी पुढच्या फेरीला पाठवू नये. भरल्या गाडीचा गिअर बॉक्स चढावर अडकला तर टोमॅटोची अख्खी खेप जागच्या जागी नासते, आणि ओढून आणण्याचे भाडे वेगळे.

एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. गिअर निसटतो किंवा कुरकुरतो म्हणून, किंवा डिझेल वाचावे म्हणून, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय काही चालकांना असते. तसे केले की इंजिनचा रोध जातो, सारा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक पकडत नाहीत. इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदतही संपते. उतारावर गिअर आपोआप निसटणारी गाडी दुरुस्त होईपर्यंत घाटात नेऊच नये.

डबी घ्यायची ठरलीच तर विकत घेण्याआधी आपल्याच गाडीला दुकानदाराकडून लावून पाहावी. इंजिनचे फेरे आणि वेग दोन्ही पडद्यावर आले तरच पैसे द्यावेत. ही डबी चालवणारी चिप मुळात कॅनडातील एका कंपनीची, ई.एल.एम. ३२७ या नावाची. बाजारात तिच्या नकलाच जास्त, आणि त्यांतल्या काही सगळ्या गाड्यांशी बोलत नाहीत. चार-पाच शेजाऱ्यांच्या गाड्यांना सॉकेट असेल तर मिळून एकच घेतली तरी पुरते. ती रोज लागणारी वस्तू नाही, आणि गाडीत कायम खोचून ठेवली तर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.