‘प्रसार’ या शब्दाचा अर्थ

तिलवारा घाटावर नर्मदेत स्नान करणारा भाविक आपल्या धर्माचे आचरण करीत असतो. घाटावरील लोकांना कोणी आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगू लागला, तर तो धर्माचा प्रसार होय. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सर्व व्यक्तींना सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्माचे आचरण व प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य या त्याच्या मर्यादा होत. परंतु प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क समाविष्ट आहे काय? या घाटापासून जवळच असलेल्या जबलपूरच्या उच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला.

मध्य प्रदेशाच्या १९६८ च्या अधिनियमाने बळजबरी, प्रलोभन वा फसवणूक यांद्वारे केलेले धर्मांतर दंडनीय ठरविले होते. धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यास सूचना देणेही आवश्यक होते. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांनी आपल्यावरील खटल्याच्या निमित्ताने या अधिनियमास आव्हान दिले. उच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. ओरिसाच्या उच्च न्यायालयाने मात्र तेथील अशाच स्वरूपाचा १९६७ चा अधिनियम १९७२ मध्ये रद्द केला होता.

हा मतभेद सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९७७ रोजी मिटविला. सरन्यायाधीश अ. ना. रे यांच्यासह पाच न्यायमूर्तींनी दोन्ही अधिनियम वैध ठरविले. प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे विशद करून ती इतरांपर्यंत पोहोचविणे. दुसऱ्यास आपल्या धर्मात आणण्याचा मूलभूत हक्क त्यातून निघत नाही. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सांगणाऱ्यास आहे, तसेच ते ऐकणाऱ्यासही आहे, अशी यामागील विचारसरणी होती.

विधिज्ञ होरमसजी सीरवाई यांनी या निर्णयावर कठोर टीका केली. धर्म निवडण्यासाठी तो आधी ऐकावा लागतो; म्हणून मन वळविण्याचे स्वातंत्र्य हे निवडीच्या स्वातंत्र्याचेच अंग आहे, असा टीकाकारांचा युक्तिवाद आहे.

मध्य प्रदेशात १९६८ च्या अधिनियमाची जागा २०२१ मध्ये नव्या अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम १० नुसार धर्मांतर करू इच्छिणाऱ्या व्यक्तीने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे घोषणा करावयाची असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये जबलपूरच्याच न्यायालयाने, स्वेच्छेने विवाह करणाऱ्या सज्ञान व्यक्तींवर या कलमाच्या भंगाबद्दल कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला. वादाचे केंद्र अशा रीतीने सरकले. पूर्वी प्रश्न धर्म सांगणाऱ्याच्या हक्काचा होता. आता तो धर्म निवडणाऱ्याच्या हक्काचा झाला. मनातील श्रद्धा बदलण्यापूर्वी नागरिकाने ती शासनास कळवावी काय, हा तो प्रश्न होय.