नाण्याला पाणी चढवताना

बेळगावच्या उद्यमबागेतल्या प्लेटिंगच्या कारखान्यात टेबलावर फडकं अंथरून चार नमुने मांडले आहेत: सोनेरी, पांढरं निकेल, काळं निकेल आणि अँटिक तांबं. साचा चौघांचा एकच, आतलं पितळही तेच. समोरचे गृहस्थ सांबऱ्याचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. सांबऱ्याच्या वायुसैनिक प्रशिक्षण केंद्रात एकत्र घडलेल्या सोबत्यांच्या स्नेहमेळाव्यासाठी त्यांना स्मृतिनाणी करून घ्यायची आहेत. एका बाजूला विमान, खाली धावपट्टी आणि ती बांधली गेली ते १९४२ हे साल. दुसऱ्या बाजूला कडेनं बारीक अक्षरांत मजकूर.

हात आधी सोनेरीकडंच जातो. नाणं खिडकीसमोर तिरकं धरून ते म्हणतात, "लखलखतंय झकास, खरं अक्षर वाचायला येईना की."

नेमकं दुखणं हेच. सगळंच आरशासारखं चकाकलं की उठाव कुठं संपला आणि तळ कुठं सुरू झाला हे डोळ्याला उमगत नाही. टांकसाळीच्या प्रूफ नाण्यांत तळ आरशासारखा आणि चित्र मात्र दुधाळ ठेवतात ते यासाठीच.

"आणि हा मुलामा म्हणजे वरवरचंच काम नव्हे काय?" त्यांचा पुढचा प्रश्न. वरवरचं खरं, पण लबाडीचं नाही. अमेरिकेचं एक सेंटचं नाणं १९८२ पासून जस्ताचं आहे, वर नुसता तांब्याचा थर. ब्रिटनची पेनी १९९२ पासून पोलादाची, तिच्यावरही तांबंच. मुद्दा थर किती जाड आणि खाली काय आहे, हा असतो.

सोनेरी नमुन्यावरचं सोनं साधारण ०.१ मायक्रॉन; केसाच्या जाडीचे काही शे भाग केले तर त्यातला एक. त्याच्या खाली निकेल हवंच. नाहीतर पितळातलं तांबं हळूहळू सोन्यात झिरपतं आणि रंग मळतो. शिवाय टाकीत विजेचा ओघ कडांकडं आणि टोकांकडं जास्त धावतो, त्यामुळं काठावर थर जाड बसतो आणि अक्षरांमधल्या खाचांत पातळ. आणि वापरात घासलं जातं तेही आधी काठच आणि उठावाची टोकं. खिशात किल्ल्यांबरोबर फिरणाऱ्या नाण्याला सोन्याचं पाणी फार दिवस पुरत नाही.

अँटिकचं काम बघण्यासारखं असतं. तेल-मळ काढून, आम्लातून बुचकळून नाणी तारेच्या रॅकवर टांगतात आणि तांब्याच्या टाकीत सोडतात. बाहेर येतात ती कोवळ्या गुलाबी रंगाची. मग पोटॅशियम सल्फाइडच्या कोमट पाण्यात बुडवायची. सडक्या अंड्याचा वास सुटतो, गुलाबी रंग तपकिरी होतो आणि बघता बघता काळा पडतो. वास येऊ लागला की नवखा माणूस मागं सरतो, जुना कारागीर मात्र रंगावरची नजर हलवत नाही. थर फाजील जाड झाला तर त्याची खपली निघते. लगेच धुऊन, वाळवून, पिठासारख्या बारीक प्युमिसनं वरून हात फिरवायचा. काळं खाचांत राहतं, उठावावरचं निघून जातं. आणि विमानाच्या पंखावरची रेघ न् रेघ उठून येते! शेवटी लॅकरचा पारदर्शक हात, म्हणजे घामाच्या बोटांनी पुन्हा काळवंडणार नाही.

हातोहात फिरणाऱ्या, मजकुरानं भरलेल्या नाण्याला अँटिकच शोभतं. चांदीच्या मुलाम्यावरही हीच युक्ती चालते, फक्त खर्च वाढतो. सोनं चौकटीत, काचेमागं ठेवायच्या नाण्यासाठी राखावं.

सांबऱ्याच्या पाहुण्यांनी ठरवलंही तसंच. सोबत्यांना वाटायची सगळी अँटिक तांब्यात. चौकटीत बसवून भेट द्यायची मोजकी तेवढी सोनेरी. मात्र त्या सोनेरीसाठी विमानामागचा तळ दाणेदार हवा. म्हणून अँटिकची नाणी आधी ठोकून घ्यायची आणि मगच साचा तळ दाणेदार करायला साचेवाल्याकडं धाडायचा.